धान्यदेवीची लेक

बहात्तरच्या दुष्काळात ह्यांची बदली माण तालुक्यात झाली. हे सरकारी ओव्हरसिअर. दहिवडीपासून बरंच आत, एका गावाच्या माळावर पाझर तलावाचं काम काढलं होतं, त्याची देखरेख ह्यांच्याकडे आली. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी सांगलीची, नदीकाठची. गावात उतरले त्या दिवशी पहिल्यांदा दिसली ती विहिरीभोवतीची गर्दी, आणि त्या गर्दीतली शांतता. आमच्याकडे नळावर भांडणं व्हायची. इथं कुणी तोंड उघडत नव्हतं. टँकरचं पाणी विहिरीत पडताना बायका नुसत्या बघत उभ्या होत्या. धार थांबली आणि सगळ्यांचे दोर एकदम खाली गेले.

तरणे पुरुष बहुतेक मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. त्यामुळे कामावर बायाच जास्त. खडी फोडायची, मातीच्या पाट्या उचलून बांधावर टाकायच्या. त्यांची तान्ही पोरं दगडांच्या आडोशाला झोपलेली असायची. एकदा एका पोराच्या अंथरुणात विंचू निघाला, तेव्हा ह्यांनी पाल्याचा मांडव घालून घेतला आणि पोरं सांभाळायला मला तिथं बसवलं. पोत्यांच्या झोळ्या, पाण्याचा एक माठ, दुपारी वाटायची सुकडी, एवढा माझा संसार. बाया मला शाळेतल्यासारखं 'बाई' म्हणू लागल्या.

जरा मोठी पोरं भुकेनं किरकिर करायची. त्यांना गप्प बसवायला मी गोष्टी सांगू लागले. रामाच्या, पांडवांच्या गोष्टी त्यांना माझ्याहून जास्त येत होत्या. म्हणून मी वडिलांच्या गोष्टी काढल्या. माझे वडील हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि जगातल्या जुन्या लोकांचे देव हे त्यांचं वेड होतं. पानावर बसलं की इजिप्तचे देव, ग्रीकांचे देव, कुणाचे कुणाचे देव. आम्हा भावंडांना ते चुलत्या-मामांइतके ओळखीचे. नावं मात्र जिभेवर बसणारी नव्हती, म्हणून मी ती गाळून टाकायची.

हळूहळू जेवणाच्या सुट्टीत बायाही मांडवात येऊन बसू लागल्या. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी चावत ऐकायच्या. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात एक लांडगा आहे आणि शेवटी तो सूर्यच गिळणार आहे, ही गोष्ट ऐकून एक म्हातारी म्हणाली, "गिळंना का एकदाचा. लय तापलाय." सगळ्या हसल्या. इराककडच्या जुन्या लोकांची जलप्रलयाची गोष्ट सांगितली, ती मात्र कुणाला पटली नाही. एवढं पाणी आणलं कुठनं, म्हणाल्या.

त्यांना असं हसताना मी पुन्हा फारसं पाहिलं नाही. त्यानंतर एक-दोन दिवसांनी मी ग्रीकांच्या धान्यदेवीची गोष्ट सांगायला घेतली.

ही देवी म्हणजे पिकांची आई. जमिनीतून जे काही वर येतं ते तिच्या मर्जीनं. तिला एकुलती एक लेक. लेक रानात फुलं तोडत होती, तेव्हा भुई दुभंगली, पाताळाचा राजा रथात बसून वर आला आणि तिला उचलून घेऊन गेला. आईला लेकीची हाक ऐकू आली, पण लेक दिसली नाही. ती खाणंपिणं सोडून शोधत फिरली. मग तिला कळलं की हे लग्न पोरीच्या बापानंच, देवांच्या राजानंच, परस्पर ठरवलं होतं. तेव्हा तिनं देवांचं घर सोडलं, साध्या बाईच्या वेशात माणसांच्या गावी आली, वाटेवरच्या विहिरीजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, आता काही उगवायचं नाही.

एवढ्यात मुकादमाची शिट्टी झाली. बाया उठल्या. एक बाई मात्र जागची हलली नाही.

ती चाळिशीच्या आसपासची असेल. उंच, रुंद खांद्यांची, कामावरची सगळ्यात जड पाटी उचलणारी. तिचं स्वतःचं मूल मांडवात नव्हतं, तरी सुट्टीत ती कुणाचं तरी तान्हं मांडीवर घेऊन बसायची. ती बोललेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"बापानं आईला इचारलं न्हाई?"

"नाही," मी म्हणाले.

"आन् पोरीला?"

"तिलाही नाही."

तिनं मांडीवरचं मूल माझ्या हातात दिलं, पाटी उचलली आणि गेली. संध्याकाळी पोर न्यायला आलेल्या तिच्या शेजारणीनं मला मग सगळं सांगितलं. हिला एकच मुलगी. नवरा मुंबईला गिरणीत. दोन वर्षांमागं तो सुट्टीवर आला आणि मुलीचं लग्न ठरवूनच आला. उंब्रजच्या बाजूची माणसं, ऊस, विहिरीवर इंजिन, गोठाभर जनावरं. एवढं मोठं घर आपल्या पोरीला कसं मिळालं, हे हिला कोड्यातच. पोरगी गेली ती एकदाही माहेरी आली नाही. पंचमीला नाही, दिवाळीला नाही. आई एकदा भेटायला गेली तर तिला ओसरीवरूनच परत लावलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. गावाच्या वाटेवर एक जुनी, कोरडी पडलेली विहीर होती, तिच्या कठड्याला टेकून ती बसली होती.

मी जाताना थांबले. "काय झालं? बरं नाही का?"

"बरी हाय की," ती म्हणाली. "पोरगी आली की उठंन."

तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला पुढं जाववेना. मी तिला समजावत बसले. म्हटलं, अहो, ती गोष्ट आहे. लांबच्या देशातली, हजारो वर्षांपूर्वीची. तिथल्या लोकांनी ऋतू कसे झाले हे सांगायला रचलेली.

"तिकडं बी माणसंच राहत्यात न्हवं, बाई?" ती म्हणाली. "आन् मी कुठं देवी म्हंती सवताला? मी बाईमाणूस हाय. पर उठणार न्हाई."

ती जेवत नव्हती. घोटभर पाणी घ्यायची, तेही कुणी फार गळ घातली तर. आधी बायांनी तिच्यापुढं भाकरी ठेवली. भाकरीला तिनं हात लावला नाही. मग एका सकाळी मी पाहिलं तर कठड्यावर हळदीकुंकू वाहिलेलं होतं. कुणी वाहिलं कुणी सांगेना. ती स्वतःच्या पदरानं ते पुसून काढत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं, आणि सोबत हिरव्या बांगड्या.

त्याच आठवड्यात टँकरचा आस तुटला आणि गाव पाण्यावाचून राहिलं. कामावर सुरुंगाचा दगड उडून एका माणसाचा डोळा गेला. मेंढरं तर रोजच मरत होती, पण आता मेलेल्या प्रत्येक मेंढराबरोबर लोक विहिरीकडे बघू लागले. मांडवात बाया गोष्ट सांगा म्हणेनात. मी यायच्या आधी कुजबुज चालायची, मी आले की थांबायची. तिला टाळून वाकडी वाट करून जाणारी माणसं मी पाहिली. एक जण तर डोक्यावरची टोपी काढून, खाली बघत, पाय न वाजवता गेला.

हे म्हणाले, "आपण सरकारी माणसं. गावच्या भानगडीत पडायचं नाही." पण त्या दिवसापासून बांधावर जायला त्यांनीही मागची वाट धरली.

गावचा सरपंच म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. ताठ, पांढऱ्या मिशांचा, देवाधर्माच्या फार नादी न लागणारा. एका सकाळी तो मांडवात आला आणि झोळ्यांच्या मध्ये उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, ती गोष्ट तुमी पुरी केली न्हाई म्हंत्यात."

"शिट्टी झाली म्हणून राहिली."

"मग सांगा की. पुढची ऑर्डर काय हाय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. माणसाच्या चेहऱ्यावर इतकी भीती आणि तिच्यावर इतका कडक पहारा मी आधी पाहिला नव्हता. मी सांगितलं. माणसं मरायला लागली, देवांना नैवेद्य मिळेना, तेव्हा देवांच्या राजानं हार खाल्ली. पाताळात दूत पाठवला आणि पोरगी आईकडे परत आणली. आईनं तिला मिठी मारली आणि रानं हिरवी झाली.

"झालं तर," हवालदार म्हणाला आणि वळला.

"थांबा. अजून आहे. पोरीनं पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं अन्न खाल्लं की माणूस तिथलं होतं. म्हणून वर्षातले काही महिने तिला परत जावंच लागायचं."

तो जरा विचारात पडला. "त्ये मागचं मागं बघू," म्हणाला. "आदी आणायची बघू. तुमी बी चला. बाईमाणूस संगं असलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही निघालो. हवालदार, गावातले आठ-दहा जण काठ्या घेऊन, आणि मी. रहिमतपूरला गाडी बदलली. पुढं नदीकडं उतरू लागलो तसं बाहेरचं रान बदलत गेलं. आधी एखादं हिरवं शेत, मग हिरव्याचे पट्टे, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. पाटातून पाणी चाललं होतं आणि त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. आमच्या गाडीतली माणसं खिडक्यांना चिकटली होती.  माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, "पाताळ म्हंत्यात त्ये ह्येच व्हय?"

घर उंब्रजपासून थोडं आत, मळ्यात होतं. सासू ओसरीवर बसली होती. मुलगा, म्हणजे पोरीचा नवरा, खांबाला टेकून उभा राहिला आणि शेवटपर्यंत तिथनं हलला नाही. हवालदारानं रामराम केला आणि फौजी पद्धतीनं सरळ विषयाला हात घातला. पोरगी न्यायला आलोय. वाद वाढला. काठ्या दिसत होत्या, तेव्हा फार वाढला नाही. सासू उठून गोठ्याकडे हाक मारायला गेली.

पोरगी आली. अठरा वर्षांची असेल. आईसारखीच उंच, पण वाळून काडी झालेली. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे, आणि कोपराच्या वर तापल्या उलथन्यानं उठावा तसा लांबट डाग. कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल होतं. मूल आहे हे आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं.

सासू म्हणाली, "पोरगी न्या. पोरगा आमचा हाय." आणि तिनं मूल काढून घेतलं.

मी पुढं झाले. "अहो, अंगावर पितंय ते."

"म्हशीचं दूध हाय आमच्यात," सासू म्हणाली.

मी हवालदाराकडे बघितलं. तो माझ्याकडे बघेना. "पोरीपुरतंच बोलणं झालंय, बाई," तो म्हणाला. त्याला दुपारची गाडी गाठायची होती. पोरीला काय चाललंय हे अर्धंच कळलं होतं. आई बोलावते एवढं तिनं ऐकलं आणि ती चालू लागली, मग मागं वळली, तोवर माणसांनी तिला मध्ये घेतलं होतं.

गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. रहिमतपूर यायच्या आत तिची चोळी भिजली. तिनं पदर ओढून घेतला, तो भिजला. मी माझी शाल दिली. ती काही रडत नव्हती. दर थांब्याला फक्त विचारायची, "ही गाडी परत कवा जाती?"

विहिरीपाशी आई उभी राहिली ती दुसऱ्या बाईला धरून. मायलेकींनी मिठी मारली तेव्हा बघायला अख्खं गाव जमलं होतं आणि सगळ्यांचे डोळे त्या दोघींवर नव्हते, आभाळावर होते.

आणि चौथ्या दिवशी वळीव आला. तो पाऊस म्हणावा असा नव्हताच. दुपारी पश्चिमेकडून तांबडी भिंत चालून आली, मांडव उचलून नेला, आम्ही पोरांना पोटाशी धरून बांधाच्या आडोशाला पालथ्या पडलो, आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या. अर्ध्या तासात सगळं संपलं. माळावर मेलेली मेंढरं पांढऱ्या गारांत पडली होती, कुठली गार आणि कुठलं कोकरू कळत नव्हतं. तलावाच्या खड्ड्यात घोट्याएवढं पाणी साचलं. मला वाटलं होतं, लोक ओरडतील, नाचतील. पण सगळे पाण्याच्या कडेला उभे राहून हात जोडत होते, आणि ते हात तिच्या घराच्या दिशेनं होते.

त्यानंतर गावात पोरीला कुणी काम सांगेना. वाढून आणून द्यायचे. पण ती गल्लीच्या टोकाला गेली की कुणीतरी मागं असायचंच. एस.टी.च्या थांब्यावर दिवसभर दोघं-तिघं पत्ते खेळत बसू लागले. थांब्यावर पत्ते खेळताना मी तिथं कधी कुणाला पाहिलं नव्हतं.

मांडव पुन्हा घातला, तशी पोरगी तिथं यायची. एका बाईला दूध येत नव्हतं, तिचं मूल हिनं आपणहून पाजायला घेतलं. पाजताना डोळे मिटून घ्यायची. एकदा तशीच, डोळे मिटलेले असताना म्हणाली, "बाई, मला जायाचं हाय. माझं लेकरू हाय तिकडं. मारलं तर मारू द्यात."

मी हवालदाराच्या घरी गेले. त्याला म्हटलं, गोष्टीत तिला परत पाठवतात. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं.

तो खाटेवर बसून बूट पुसत होता. "पीक आल्यावर धाडत्यात," तो म्हणाला. "आमचं पीक कुठं आलंय?"

"आणि मूल?"

"गावात बी लेकरंच हायत, बाई." त्याचं बोलणं उद्धट नव्हतं. तो मला खरंच समजावून सांगत होता. परत येताना मला पहिल्यांदाच त्या गावाची भीती वाटली. हीच माणसं काठ्या घेऊन तिला सोडवायला गेली होती.

आईला हे सगळं दिसत होतं. पोरगी आल्यापासून ती तिला नजरेआड करत नव्हती, तीही जणू पहाऱ्यावरच. पण एका दुपारी ती मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली, आणि लेक परक्याचं मूल पाजताना तिनं पाहिली. बराच वेळ बघत राहिली. मग मला बाहेर बोलावलं.

"त्या डाळिंबाच्या दाण्याचं खरं हाय का?"

"गोष्टीत आहे."

"हिनं तिथलं कायबी खाल्लेलं न्हाई, बाई," ती म्हणाली. "हिचंच तिथं ऱ्हायलंय."

मी म्हटलं, ह्यांच्याशी बोलले आहे. सामान आणायला खात्याचा ट्रक दहिवडीला जातो, त्यात बसवून देऊ, कुणाला कळणार नाही. घरी ह्यांना विचारलंही होतं. हे आधी नाही म्हणाले, मग म्हणाले, बुधवारी ट्रक जाईल. पण आईनं मान हलवली. "चोरून न्हाई," ती म्हणाली. "चोरून ग्येली तर मागनं जाऊन आणतील."

बाजाराच्या दिवशी, माणसं सगळ्यात जास्त असतात त्या वेळी, ती लेकीचा हात धरून घरातून निघाली. मी चावडीपाशी उभी होते. थांब्यावरचे पत्तेवाले उठले. हवालदार मधल्या वाटेवर आला. त्याच्या मागं वीस-पंचवीस माणसं.  ती चालत त्याच्यापुढं दोन हातांवर येऊन थांबली.

"आक्का," हवालदार म्हणाला, "मागं फिर."

मी बाईमाणूस आहे, असं सांगून जिनं हळदीकुंकू पुसून टाकलं होतं, त्याच बाईनं डोक्यावरचा पदर खाली घेतला, केस मोकळे सोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मीच आणवली हुती पोरगी, आन् मीच धाडती. वाटंत जो येईल त्याच्या रानात कुसळ उगवायचं न्हाई. त्याच्या लेकाच्या रानात न्हाई, नातवाच्या रानात न्हाई."

मी हवालदाराकडे बघत होते. लढाई बघितलेला माणूस. त्यानं तिच्या मोकळ्या केसांवरून नजर काढली. मग तो बाजूला झाला आणि त्याच्यामागची सगळी गर्दी कापड फाटावं तशी दुभंगली. मायलेकी मधून चालत गेल्या. आई माझ्यासमोरून गेली तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, लेकच तिला चालवत होती. जवळून गेली म्हणून मला दिसले. इतरांना दिसले नसावेत.

उंब्रजला त्यांच्या आधीच बातमी पोचली होती. गारांची, मेलेल्या मेंढरांची. सासूनं मूल आपणहून आणून पोरीच्या हातात दिलं आणि विहिणीला पाट मांडला. पोरगी तिथं राहिली. आई परत आली.

जूनमध्ये पाऊस बेतानं का होईना पडला. बाजरी उगवली. पण तिच्या घरी कुणी विस्तव मागायला गेलं नाही, तिच्या हातचं कुणी खाल्लं नाही. नव्या सुनेला तिच्या पाया पडायला न्यायचे आणि लगेच माघारी आणायचे. तलावाचं काम संपून आमची बदली झाली, तेव्हा मी तिचा निरोप घ्यायला गेले. दारात कुणीतरी नारळ ठेवून गेलेला होता. ती म्हणाली, "भित्यात म्हणून पोरगी सुखात हाय, बाई. पर भ्या किती दीस पुरतं?"

त्यानंतर तीनेक वर्षं गेली. आम्ही सांगलीत होतो. एस.टी. स्टँडवर एका बाईनं माझा पदर ओढला. तीच पोरगी, बरोबर चार वर्षांचा मुलगा. अंगानं भरली होती. दवाखान्याच्या कामाला आली होती, म्हणाली. आई गेली, म्हणाली. गेल्या पावसाळ्यात, साध्या तापानं. गावानं मोठा मांडव घालून दिवस घातले आणि तिचं घर पाडून तिथं पूजेचा ओटा बांधला.

"आन् आता सासूबाई पयल्यासारकं बोलाय लागल्यात," ती म्हणाली. "परवा ह्येंनी हात उगारला. म्हंत्यात, आता कुणाचं भ्या?" मग इकडे तिकडे बघून, अगदी बाजारात भाव विचारावा तसं विचारलं, "बाई, आणिक एकांदी गोष्ट हाय का? जिच्यात आई नसती अशी?"

तिची गाडी यायला वेळ होता. मी बाकावर तिच्या शेजारी बसले. मला आठवली ती सांगितली. इराककडच्या त्या जुन्या लोकांचीच. एक देवी पाताळात जाते. तिथं दरवाज्यामागं दरवाजे. एकेका दरवाज्यावर पहारेकरी तिचं काही ना काही काढून घेतो, मुकुट, मणी, कंबरपट्टा, शेवटी अंगावरचं वस्त्र. आत पोचते तेव्हा तिच्याजवळ काही उरलेलं नसतं. तिथं ती मरते. मग तिला जिवंत करून वर धाडतात, पण एका अटीवर: तिच्या जागी कुणीतरी खाली यायला हवं. पाताळातले भूतगण तिच्याबरोबर वर येतात आणि ती जाईल तिथं मागं चालतात. जे जे तिच्यासाठी रडले होते त्यांना ती सोडते. शेवटी घरी येते. नवरा झाडाखाली भारी कपडे घालून मजेत बसलेला असतो.

"मग?"

"ती त्याच्याकडं बघते."

"नुसतं बघती?"

"नुसतं. भूतगण त्याला धरून नेतात."

तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "ही बरी हाय," म्हणाली. तिची गाडी लागली आणि ती गेली.

पुढच्या वर्षी ह्यांचं काही काम उंब्रजला निघालं, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेले आणि मळ्यातल्या घरी चालत गेले. ओसरीवर आसपासच्या बाया जमल्या होत्या आणि पोरगी मधोमध बसून ती गोष्ट सांगत होती. माझी नव्हे, तिची. दरवाज्यांवर तिनं आपल्याकडचे राखणदार बसवले होते, मण्यांच्या जागी मंगळसूत्र आलं होतं. सासू कडेला, पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. नवरा अंगणात होता, आत येत नव्हता.

बाया गेल्यावर सासूनं मला चहा आणून दिला. सुनेकडे न बघता कपबशी खाली ठेवली. ती आत गेल्यावर मी पोरीला हळूच विचारलं, "आता नीट वागतात ना?"

"लय नीट," ती म्हणाली. "बोट लावत न्हाईत. जेवताना माझ्याकडं पाठ करून बसत्यात."

मी म्हटलं, बरं झालं.

ती हसली नाही. अंगणात नवरा बैलांना वैरण टाकत होता. त्याच्या पाठीकडे तिनं नजर वळवली, पण मध्येच थांबवली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "व्हय, बरं झालं. पर आता माझं मलाच भ्या वाटतं, बाई. लय दीस मी त्येंच्याकडं नीट बघितलंच न्हाई."